एरर घालवण्याची शास्त्रोक्त पद्धत

रात्रीचे साडेअकरा वाजलेत. सकाळी दहाला रिव्ह्यू आहे आणि फायनाइट एलिमेंटचा सॉल्व्हर, म्हणजे पार्टचे बारीक तुकडे करून तो लोडखाली किती वाकेल ते सोडवणारा प्रोग्रॅम, सदतिसाव्या इन्क्रिमेंटवर, म्हणजे लोडच्या सदतिसाव्या पायरीवर, हटून बसलाय. पायरी लहान करून पाहतो, आणखी लहान करून पाहतो, पाचदा प्रयत्न करतो आणि हात टेकतो. अशा वेळी नवखा माणूस हमखास एक चूक करतो. तो मेसेज फाइल उघडून वाचायला बसतो.

तुम्ही ते करू नका. त्या फाइलमध्ये कुठल्या नोडवर (तुकड्यांच्या सांध्यातल्या बिंदूवर) गाडी अडली, कुठल्या दिशेने अडली, सगळं नंबरासकट लिहिलेलं असतं. वाचलं की कळतं, आणि कळलं की दुरुस्त करावं लागतं. आपल्याला एरर घालवायचाय, चूक नव्हे. हा फरक ज्याला उमगला त्याची या धंद्यात कधी अडचण होत नाही.

सुरुवात 'झीरो पिव्हट'पासून करू. याचा अर्थ एवढाच, की मॉडेलमधला एखादा भाग कशालाच बांधलेला नाही. लोड लावला तर तो वाकणार नाही, सरळ निघून जाईल. काही कर्मठ मंडळी अशा वेळी लोड बाजूला ठेवून मोडल ॲनालिसिस, म्हणजे पार्ट आपसूक कसा कंप पावतो याचा हिशोब, चालवतात. सुटा पदार्थ शून्य फ्रिक्वेन्सीचे सहा मोड दाखवतो. नीट बांधलेल्या मॉडेलमध्ये एकही शून्य यायला नको. आलाच तर त्याचं ॲनिमेशन लावायचं, आणि जो वॉशर बाकीच्यांची साथ सोडून एकटाच तरंगत निघालेला दिसतो, तोच गुन्हेगार. पाच मिनिटांचं काम आहे. म्हणूनच त्यात मजा नाही.

त्याऐवजी सगळीकडे मऊ स्प्रिंगा पेरा. वॉशरला चार, ब्रॅकेटला आठ, शंका येईल तिथे आणखी दोन. सॉल्व्हर गपगुमान पुढे जातो. नास्ट्रान हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर एवढेही कष्ट नकोत. त्यात बेलआउट नावाचा पॅरामीटर आहे, त्याला उणे एक दिलं की सिंग्युलॅरिटी, म्हणजे असा सुटा भाग, असली तरी रन थांबत नाही. ही सोय मुळात बिघाड शोधायला म्हणून दिलेली आहे, पण सोयीचा उपयोग कसा करायचा हे ज्याचं त्याने ठरवावं.

एक पथ्य मात्र पाळा. रिॲक्शनची, म्हणजे सपोर्टांनी दिलेल्या उलट बलांची, बेरीज करू नका. वरून दहा हजार न्यूटन लावलेत आणि सपोर्टपाशी साडेसहा हजारच पोचले, तर उरलेले साडेतीन हजार वाटेत स्प्रिंगांनी खाल्ले हे उघड होतं. वरून निघालेला निधी खाली जसाच्या तसा पोचावा, असा हट्ट इतर कुठे कुणी धरतो का?

युनिटांबद्दल मी अधिकारवाणीने बोलू शकतो. माझा एक ब्रॅकेट होता, साधारण पाच किलोचा, पोलादी. भूमिती मिलिमीटरमध्ये, बल न्यूटनमध्ये, स्ट्रेस (आतला ताण) मेगापास्कलमध्ये. या जमावात वस्तुमान टनात धरावं लागतं, म्हणजे पोलादाची घनता ७.८५ गुणिले दहाचा उणे नववा घात. मी ७८५० टाकली, म्हणजे किलो प्रति घनमीटरमधली. पुस्तकात तीच होती, शाळेपासून तीच पाठ होती. फरक दहाच्या बाराव्या घाताचा, म्हणजे माझा पाच किलोचा ब्रॅकेट पाच अब्ज टनांचा झाला. चांगला मध्यम आकाराचा डोंगरच म्हणा ना. त्यावर मी गुरुत्वाकर्षण लावलं आणि रन सोडला.

रन सुरळीत पूर्ण झाला. एकही एरर नाही. लिनिअर सॉल्व्हरला, म्हणजे बल दुप्पट तर सरक दुप्पट असं धरणाऱ्याला, डोंगर काय आणि ब्रॅकेट काय, सगळे सारखेच. चित्रही सुरेख आलं, कारण सॉफ्टवेअर आपण होऊन स्केल ठरवतं आणि विकृती कितीही असो, डोळ्याला बेताची दिसेल इतपतच काढतं. ब्रॅकेटने नम्रपणे मान तुकवली होती. कडेच्या पट्टीवर कमाल सरक ४ गुणिले दहाचा नववा घात मिलिमीटर लिहिली होती. म्हणजे चार हजार किलोमीटर. पृथ्वीची त्रिज्या ६३७१ किलोमीटर आहे, तेव्हा ब्रॅकेटचं टोक जमिनीच्या पोटात अर्ध्याहून पुढे पोचलं होतं. ती पट्टी मी चित्रातून कातरली होती, स्लाइडवर जागा कमी पडत होती म्हणून. वस्तुमानाचा आकडा आउटपुट फाइलच्या सुरुवातीलाच छापलेला होता. पण फाइल कोण उघडतो?

एलिमेंट कुठला घ्यावा यावर फार डोकं शिणवू नका. चार नोडचे टेट्रा, म्हणजे चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे, घ्या. भूमिती कितीही वेडीवाकडी असो, मेश, म्हणजे तुकड्यांची जाळी, एका क्लिकमध्ये होते. वाकताना ते खऱ्या भागापेक्षा ताठ वागतात, सरक कमी दाखवतात, स्ट्रेसही कमी दाखवतात. गिऱ्हाइकालाही कमी स्ट्रेसच हवा असतो. दहा नोडचे घेऊन सगळ्यांचाच मूड कशाला घालवायचा?

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, आतला काटकोनी कोपरा. ड्रॉइंगमध्ये तिथे तीन मिलिमीटरचं फिलेट (गोलाई) असतं, पण मेशिंगला त्रास नको म्हणून आपण ते आधीच पुसलेलं असतं. मग ४ मिलिमीटरच्या मेशवर तिथे ३१० मेगापास्कल येतात. २ वर ४२५. १ वर ५८३. मेश निम्मी केली की स्ट्रेस दर वेळी ३७ टक्क्यांनी चढतो, आणि तो चढतच राहणार, कारण धारदार कोपऱ्यावर सिद्धांतानुसार उत्तर अनंत आहे. जगातला कुठलाही संगणक तिथे कन्व्हर्ज होणार नाही, म्हणजे एका आकड्यावर स्थिरावणार नाही. यावर फिलेट परत घालणं किंवा कोपऱ्यापासून थोडं दूर जाऊन स्ट्रेस वाचणं, हे दोन पळपुटे मार्ग सांगितले जातात. आपला मार्ग सरळ आहे. मटेरियलचं यील्ड, म्हणजे कायमचं वाकायला लागायची मर्यादा, ३५० आहे ना? मग ४ मिलिमीटरची मेश कन्व्हर्ज झालेली आहे. पुढचे दोन रन डिलीट करा.

त्यातूनही आकडा जास्त वाटलाच तर ॲव्हरेजिंग चालू ठेवा. शेजारच्या दोन एलिमेंटांत एकाच नोडवर १८० आणि ४२० असे आकडे असतील, तर सरासरी ३०० दिसते आणि रंगही छान एकमेकांत मिसळतात. ॲव्हरेजिंग बंद केलं तर गोधडीसारखे ठिगळ दिसतात आणि मेश किती जाडीभरडी आहे ते चव्हाट्यावर येतं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

कॉन्टॅक्टवर, म्हणजे एकमेकांना टेकणाऱ्या पार्टांच्या हिशोबावर, तर ग्रंथ लिहिता येईल, पण थोडक्यात उरकतो. कन्व्हर्ज होत नसेल तर एका दमात पाच गोष्टी बदला. कॉन्टॅक्ट स्टिफनेस शंभराने भागा, घर्षण वाढवा, टॉलरन्स सैल करा, स्टॅबिलायझेशन (डळमळ थोपवणारं कृत्रिम बल) चालू करा आणि मेशही नवी करा. रन पूर्ण झालाच तर कशाने झाला हे कुणालाही, तुम्हालाही, कळणार नाही. हेच तर खरं कौशल्य. स्टिफनेस घटवला की पार्ट एकमेकांत घुसतात, पण शेजार म्हटल्यावर थोडी घुसखोरी व्हायचीच. स्टॅबिलायझेशनने किती ऊर्जा गिळली आणि मॉडेलच्या अंतर्गत ऊर्जेशी तिचं प्रमाण काय, असा आलेख काढता येतो. काढू नका. आणि कुणी सांगितलं, की आधी सगळे कॉन्टॅक्ट चिकटवून लिनिअर चालव, ते चाललं की एकेक कॉन्टॅक्ट खुला कर, मग प्लॅस्टिसिटी (कायमचं वाकणं) घाल, तर समजा की या माणसाला डेडलाइन ठाऊकच नाही.

आकडे पुन्हा तपासण्याच्या सवयीपासूनही जपा. नॉर्वेतलं स्लाइपनर ए हे समुद्रातून तेल-वायू काढायचं व्यासपीठ (प्लॅटफॉर्म) घ्या. त्याच्या काँक्रीटच्या तळाचं डिझाइन फायनाइट एलिमेंटनेच झालं होतं. कोठड्यांच्या भिंती जिथे एकत्र येतात तिथली मेश इतकी ढोबळ होती, की शिअर स्ट्रेस ४७ टक्के कमी आला, आणि भिंतींना काँक्रीट आणि सळ्या त्या हिशोबाने मिळाल्या. २३ ऑगस्ट १९९१ला चाचणीसाठी तो तळ पाण्यात उतरवत असताना भिंत फुटली आणि सगळा सांगाडा समुद्राच्या तळाशी गेला. माणसं सुदैवाने वाचली. अपघातानंतर जास्त काळजीपूर्वक हिशोब केला, तर हे डिझाइन ६२ मीटर खोलीवर दगा देईल असं उत्तर आलं. प्रत्यक्षात दिला ६५ मीटरवर. उत्तर इतकं जवळ आलं याचं कौतुक करायला तेव्हा व्यासपीठ जागेवर नव्हतं, एवढीच उणीव.

राहता राहिला रिपोर्ट. चित्रं भरपूर घाला, लाल रंग टाळा. पट्टीची वरची मर्यादा वाढवली की सगळा पार्ट शांत निळा होतो. वॉर्निंगांची संख्या लिहायची पद्धत नाही. 'बाउंडरी कंडिशन योग्य प्रकारे लावल्या आहेत' हे वाक्य जरूर घाला. 'योग्य' म्हणजे काय, हे आजवर मला कुणी विचारलेलं नाही.

ॲनिमेशन मात्र दाखवू नका. मी एकदा दाखवलं होतं. खोलीत दहा-बारा जण, पडद्यावर माझी असेंब्ली लयीत वर-खाली होतेय, मी स्ट्रेसच्या आकड्यांवर बोलतोय. टेस्टिंगमधले एक ज्येष्ठ गृहस्थ मागच्या रांगेत चहा पीत बसले होते. सॉफ्टवेअरशी त्यांचा काडीचा संबंध नाही, आयुष्य पार्ट तोडण्यात गेलेलं. त्यांनी कप खाली ठेवला, चष्मा वर केला आणि म्हणाले, "साहेब, एक विचारू? तो बोल्ट प्लेटच्या आरपार जाऊन परत येतोय. भोक कुठाय?"

तेव्हापासून मी एकच स्थिर चित्र लावतो. समोरून घेतलेलं, बोल्ट लपवून.