‘लेव्हो’ म्हणजे विष नव्हे: डाव्या-उजव्या रेणूंच्या फॉरवर्डला उत्तर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या मामींनी थायरॉइडची गोळी परस्पर बंद केली. काऊन, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “अगं, त्या स्ट्रिपवर ‘लेव्हो’ लिहून आहे ना. म्हणजे डावं. शरीराला उलटं पडते ते. तू तर केमिस्ट्री शिकवतेस, तुला माहीत पाहिजे!” वर “पंधरा दिवस झाले, काही झालं तर नाही” हेही ऐकवलं.

हे ज्ञान आलं कुठून, तर फॅमिली ग्रुपवरून. तो लांबलचक मेसेज एव्हाना तुमच्याकडेही आला असेल. नसेल आला तर थोडक्यात सांगते. रेणूंनाही डावा आणि उजवा हात असतो. संत्र्याचा वास उजव्या रेणूचा, लिंबाचा वास त्याच्याच डाव्या जुळ्याचा. निसर्ग नेहमी उजवे रेणू बनवतो (मध बघा!), कारखाना डावे. म्हणून ‘लेव्हो’ नावाची औषधं घेऊ नका. पुरावा म्हणून थॅलिडोमाइड. उपाय म्हणून काढा घड्याळाच्या दिशेने ढवळा, रेणू उजवे होतील. आणि दोन्ही रेणूंचं सूत्र एकच असल्यामुळे हा घोटाळा प्रयोगशाळेत पकडताच येत नाही. खाली हात जोडलेल्या खुणा आणि ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

वैताग याचा येतो की लिहिणाऱ्याने सुरुवात खऱ्या रसायनशास्त्रापासून केली आहे. डाव्या-उजव्या हाताचे रेणू खरंच असतात. कार्बनला चार बंध असतात आणि ते कागदावरच्या अधिक चिन्हासारखे सपाट नसतात. ते चतुष्फलकाच्या चार टोकांकडे जातात, दोन बंधांमध्ये साधारण १०९.५ अंशांचा कोन ठेवून. या चार टोकांना चार वेगवेगळे गट लागले की तेच गट, तेच बंध, पण मांडणी दोन प्रकारची होऊ शकते. डाव्या-उजव्या पायाच्या चपलांसारखी: कशीही फिरवा, एक दुसरीवर तंतोतंत बसत नाही. १८४८ मध्ये पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असे दोन तऱ्हेचे स्फटिक चिमट्याने वेगळे केले. १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी, एकमेकांना न विचारता, त्याचं कारण कार्बनच्या या आकारात शोधलं. इथपर्यंत सगळं मान्य. इथून पुढे मेसेजवाला घसरतो.

संत्रा-लिंबाचा मुद्दा आधी घेते, कारण नागपूरकराला तो लगेच पटतो. लिमोनीनचा रेणू दहा कार्बन आणि सोळा हायड्रोजनचा. त्याच्या कड्यातल्या एका कार्बनला एक हायड्रोजन, एक तीन कार्बनांची शाखा आणि कड्याच्या दोन बाजू लागलेल्या असतात. या दोन बाजू वरवर सारख्याच वाटतात, पण एकीकडून निघालं तर दुहेरी बंध लवकर लागतो, दुसरीकडून उशिरा. म्हणून गट चारही वेगळे, आणि म्हणून लिमोनीनला डावं-उजवं रूप. बरोबर. पण लिंबात डावं रूप असतं हे साफ चूक. संत्र्याच्या सालीच्या तेलात लिमोनीनचाच मोठा वाटा असतो आणि ते ‘आर’ रूप असतं, म्हणजे मेसेजवाला ज्याला उजवं म्हणतो तेच. लिंबाच्या सालीतही मुख्यतः तेच ‘आर’ रूप असतं. मग ते पुस्तकातलं जाड सालीचं पिवळं लेमन घ्या की आपलं कागदी लिंबू.

हे मी पदरचं सांगत नाही. २०२१ साली ‘जर्नल ऑफ केमिकल एज्युकेशन’मध्ये क्विटिंगेन, शुर्सनेस आणि श्मिड यांचा लेख आला, तो याच गैरसमजावर. न तपासता पुढे ढकललेल्या संदर्भांची ही माळ तर नव्हे, असा प्रश्न त्यांनी शीर्षकातच विचारला आहे. म्हणजे एका पुस्तकाने दुसऱ्याची नक्कल केली, दुसऱ्याची तिसऱ्याने, आणि साल सोलून बघायची तसदी कोणी घेतली नाही. तेव्हा हा दोष एकट्या मेसेजवाल्याचा नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणते. आमच्या क्लासवाल्यांच्या नोट्समध्येही हेच उदाहरण वर्षानुवर्षं छापलं जातं.

मग लिंबाला लिंबाचा वास येतो कशाने? मुख्यतः सिट्रालने. लिंबाच्या तेलात ते थोडंच असतं, पण वासाला पुरेसं. पटत नसेल तर अंगणातल्या गवती चहाचं पातं चुरगाळून बघा. त्याच्या तेलात सिट्राल भरपूर, म्हणून लिंबू जवळपास नसतानाही लिंबू हुंगल्यासारखं वाटतं. आणि गंमत अशी की सिट्राल हेही एकटं नसतं. जेरॅनियल आणि नेरल ही त्याची दोन रूपं आहेत. ती मात्र आरशातली जोडी नव्हे. दुहेरी बंधाभोवती रेणूला फिरता येत नाही, त्यामुळे गट एकाच बाजूला की विरुद्ध बाजूंना, एवढाच फरक. समघटकता, म्हणजे सूत्र एक पण रेणू वेगळे, दाखवायला लिंबू चांगलंच आहे, फक्त मेसेजवाल्याने भलतंच पान उघडलं.

आरशातल्या जोडीचा वास वेगळा असतो याचं खरं उदाहरण हवं असेल तर स्वयंपाकघरातच आहे. बाळंतशेपा आणि पुदिना. दोन्हींत कार्व्होन, शेप्यात एका हाताचं आणि पुदिन्यात दुसऱ्या. नाकातले वास टिपणारे ग्राहक (रिसेप्टर) प्रथिनांचे असतात आणि प्रथिनं स्वतः एकाच हाताची, म्हणून त्यांना फरक कळतो. हात महत्त्वाचा असतो हे मेसेजमधलं वाक्य त्यामुळे नाइलाजाने बरोबर म्हणावं लागतं.

आता तो मुद्दा, ज्याच्यामुळे हे लिहायला बसले. ‘निसर्ग उजवा, कारखाना डावा.’

तुमच्या-माझ्या शरीरातली प्रथिनं ज्या अमिनो आम्लांची बनतात ती, ग्लायसीन सोडलं तर, सगळी ‘एल’ म्हणजे डाव्या गटातली. पुदिन्याच्या जातीच्या रोपांतून निघणारं, थंडावा देणारं मेन्थॉल डावं. मेसेजवाला ज्या मधाची आरती करतो त्या मधातली फ्रुक्टोज प्रकाशाला (म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणाऱ्या प्रकाशाच्या प्रतलाला) इतकी डावीकडे वळवते की तिचं जुनं नाव लेव्हुलोज होतं. आणि खाजकुहिली? आयुर्वेदात कपिकच्छू म्हणून वापरतात ती. तिच्या बियांत मुळातच एल-डोपा असतो. पार्किन्सनच्या पेशंटला देतात ती लेव्होडोपा हीच. निसर्ग उजवाच असता तर खाजकुहिलीने हा उद्योग कशाला केला असता?

शिवाय नावांचा गोंधळ वेगळाच. रेणूची मांडणी कशी आहे हे सांगणारी ‘आर’-‘एस’ खूण एक, साखरा आणि अमिनो आम्लांना लावतात ती ‘डी’-‘एल’ खूण दुसरी, आणि प्रकाश प्रत्यक्षात कुठे वळतो ही गोष्ट तिसरी. तिन्हींचा मेळ बसलाच पाहिजे असं नाही. फ्रुक्टोज ‘डी’ असून डावीकडे वळवते. सर्दीला घेतो ती लेव्होसेट्रिझिन मांडणीने ‘आर’ आहे, म्हणजे मेसेजच्या हिशोबाने एकाच गोळीत डावं आणि उजवं.

कारखान्याबद्दल अर्धं सत्य एवढंच, की हात नसलेल्या कच्च्या मालापासून साध्या पद्धतीने रेणू बनवला तर डावे-उजवे निम्मे-निम्मे निघतात. डावेच निघतात असं कधीही नाही. एकच हात हवा असेल तर त्याच्या पद्धती आहेत. २००१ चं रसायनशास्त्राचं नोबेल नोल्स, नोयोरी आणि शार्पलेस यांना याच कामासाठी मिळालं, आणि २०२१ चं लिस्ट आणि मॅकमिलन यांना.

आणि मामींची गोळी, म्हणजे लेव्होथायरॉक्सिन. मानेतली थायरॉइड ग्रंथी जे थायरॉक्सिन बनवते ते ‘एल’च असतं. केंडलने १९१४ साली ते ग्रंथीतून शुद्ध स्वरूपात काढलं, हॅरिंग्टन आणि बार्जर यांनी १९२७ मध्ये प्रयोगशाळेत बनवलं. गोळीत तोच रेणू आहे: तेच अणू, तेच बंध, तोच हात. ग्रंथी जे पुरेसं बनवत नाही ते बाहेरून द्यायचं, एवढंच काम. ‘लेव्हो’ हा त्या गोळीवरचा दोष नाही, योग्य हाताचा रेणू आहे याची ती खूण आहे. उजव्या जुळ्या भावाचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेतल्या कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या पुरुषांना कोलेस्टेरॉल उतरवायला डेक्स्ट्रोथायरॉक्सिन दिलं होतं. त्या गटात मृत्यू जास्त दिसले, म्हणून ते देणं मध्येच थांबवलं. उजवं म्हणजे अमृत, नाही का?

“पंधरा दिवस झाले, काही झालं नाही” याचंही उत्तर आहे. रक्तातलं थायरॉक्सिन निम्म्यावर यायला साधारण आठवडा लागतो. दोन आठवड्यांनीही पाव हिस्सा उरलेला असतो. शरीर जुन्या साठ्यावर चालत असतं, आणि थकवा, वजन, बद्धकोष्ठ, थंडी वाजणं हे सगळं मागून, हळूहळू येतं. तोवर माणसाला मेसेज खरा वाटू लागतो. कोणी तो मेसेज वाचून गोळी सोडली असेल तर आपल्या डॉक्टरांना आजच सांगा. आपल्या नागपुरात, धंतोलीत, डॉक्टरांचा दुष्काळ नाही.

थॅलिडोमाइड. हे झोपेचं औषध, गरोदर बायकांनाही मळमळीवर दिलं जायचं. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत बाजारात आलं, १९६१ च्या अखेरीस मागे घेतलं, आणि तोवर दहा हजारांहून जास्त बाळांना जन्मतः व्यंग आलं होतं. मेसेज म्हणतो, फक्त उजवा रेणू दिला असता तर एकही बाळ बिघडलं नसतं. नाही. थॅलिडोमाइडच्या त्या खास कार्बनवरचा हायड्रोजन शेजारच्या कार्बोनिल गटामुळे सैल असतो. शरीरात तो निघतो आणि परत बसताना कुठल्याही बाजूने बसतो. शुद्ध उजवं दिलं तरी काही तासांत डावं तयार होतंच. हेही पुस्तकांनी अर्धवट शिकवलेलं आहे. तिकडे अमेरिकेत औषधांना मंजुरी देणाऱ्या सरकारी संस्थेतल्या फ्रान्सेस केल्सी यांनी त्याला मंजुरी दिली नाही, ती हात बघून नव्हे, सुरक्षिततेचा पुरावा अपुरा होता म्हणून.

काढा ढवळण्याचा मुद्दा वाचून मला आधी हसूच आलं. कार्बन-कार्बन बंध तोडायला मोलमागे साडेतीनशेच्या आसपास किलोज्यूल लागतात. खोलीच्या तापमानाला रेणूंच्या धडपडीत मोलमागे अडीच किलोज्यूलच्या घरातली ऊर्जा असते. हात बदलायचा तर बंध तुटून नव्याने जुळावा लागतो, आणि तुमच्या पळीला यातलं काहीही जमत नाही, ती घड्याळाच्या दिशेने फिरो की उलट.

मात्र ढवळण्याचा आणि हाताचा संबंध एका ठिकाणी खरंच आहे, आणि तो मेसेजवाल्याला माहीत असता तर त्याने नक्की वापरला असता. सोडियम क्लोरेटचं द्रावण स्थिर ठेवलं तर डावे-उजवे स्फटिक मिसळून येतात. दिलीप कोंडेपुडी आणि सहकाऱ्यांनी १९९० मध्ये दाखवलं की ते ढवळत ठेवलं तर एका भांड्यातले जवळजवळ सगळे स्फटिक एकाच हाताचे होतात. पण कुठल्या हाताचे, हे ढवळण्याच्या दिशेवर ठरत नाही. कधी हे, कधी ते. आणि तिथे हात असतो तो स्फटिकाच्या रचनेला. द्रावणातल्या आयनांना तो नसतोच. काढ्याशी याचा संबंध शून्य.

राहिला शेवटचा मुद्दा, सूत्र एकच म्हणून प्रयोगशाळेला फरक कळत नाही. सूत्र एक असून पदार्थ वेगळे, यालाच तर समघटक म्हणतात. इथेनॉल ७८ अंशांना उकळतं, त्याच सूत्राचं डायमिथाइल ईथर उणे २४ ला. आरशातल्या जोडीचे उत्कलनबिंदू सारखे असतात हे खरं, पण त्यांच्यासाठी पोलरीमीटर, म्हणजे प्रकाश किती वळला हे मोजणारं यंत्र, आहे. काही द्रव प्रकाशाच्या कंपनांचं प्रतल फिरवतात हे बिओ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८१५ मध्येच पाहिलं होतं. आज बी.एस्सी.च्या पोरांच्या हातात ते यंत्र असतं, आणि असल्या औषधांच्या अधिकृत कसोट्यांत प्रकाश किती अंश वळतो हे तपासलं जातं. दुकानातल्या साखरेचं पाणी त्यात भरलं तर प्रकाश उजवीकडे वळतो. तोच पाक लिंबू पिळून नीट उकळला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि पुरेशी फुटली की तोच पाक प्रकाश डावीकडे वळवतो. पाक जमू नये म्हणून हलवाई लिंबू पिळतो, तेव्हा त्याच्या कढईत हेच चाललेलं असतं.