25,000 डॉलर आणि एक यादी

26/11 च्या मुंबई हल्ल्याआधी, 2006 मध्ये, हल्ल्यासाठी टेहळणी करणाऱ्या डेव्हिड हेडलीला 25,000 डॉलर मिळाले. मुंबईची टेहळणी करायची, ताडदेवच्या एसी मार्केटात इमिग्रेशनचं ऑफिस थाटायचं, त्याचा हा खर्च. पैसे आयएसआयच्या 'मेजर इक्बाल'नं दिले, असं त्यानं 2011 मध्ये शिकागोच्या कोर्टात शपथेवर सांगितलं. पाकिस्तान अर्थातच सगळं नाकारत आलाय.

एवढं हाताशी असताना नुकसानभरपाईचा दावा निदान सुनावणीला तरी येईल, असं वाटेल. हल्ल्यात मुंबईच्या नरिमन हाऊस या ज्यू केंद्रात मारल्या गेलेल्यांच्या नातलगांनी तो 2010 मध्येच न्यूयॉर्कला लावला होता. प्रतिवादी लष्कर-ए-तैयबा, आयएसआय आणि तिचे दोन प्रमुख. डिसेंबर 2012 मध्ये खुद्द अमेरिकी सरकारनं कोर्टाला कळवलं की आयएसआय परदेशी राज्याचाच भाग, तिला सार्वभौम संरक्षण आहे, म्हणजे तिच्यावर अमेरिकी कोर्टात दावा चालत नाही. त्याच कागदात पाकिस्ताननं 'लष्कर' मोडून काढावी असंही बजावलंय, हे विशेष! 2013 मध्ये आयएसआय आणि ते दोघे दाव्यातून सुटले, 2014 मध्ये अपिलातही तेच. पैसे कुणी दिले, या प्रश्नाला कोर्टानं हातच लावला नाही.

माझा राग इथे आहे. परदेशी सरकारांना संरक्षण देणारा अमेरिकी कायदा 1976 चा. 1996 मध्ये त्याला दहशतवादाचा अपवाद जोडला, पण परराष्ट्र खात्याच्या 'दहशतवाद पुरस्कर्त्या' देशांच्या यादीत असलेल्यांपुरताच. इराण यादीत आहे, पाकिस्तान कधीच नव्हता. यादी पुराव्यावर कमी आणि दोस्तीवर जास्त ठरते, असं माझं स्पष्ट मत. 2016 मध्ये ओबामांचा नकाराधिकार झुगारून (सिनेटमध्ये 97 विरुद्ध 1) 'जास्टा' हा नवा कायदा आला आणि यादीबाहेरच्यांवरही दावा शक्य झाला. अट एकच, इजा अमेरिकेच्या भूमीवर झालेली हवी. म्हणून 9/11 वाले सौदीशी भांडताहेत आणि 26/11 वाले दाराबाहेर.

बरं, जिंकून तरी काय? कुठल्याही दिवाणी वकिलाला विचारा, खरा जीव दरखास्तीत, म्हणजे निकालाच्या वसुलीत, जातो. 1997 च्या जेरुसलेम बॉम्बस्फोटातल्या अमेरिकी जखमींना, हल्लेखोरांना मदत केल्याबद्दल, इराणविरुद्ध 7 कोटी 15 लाख डॉलरचा हुकूमनामा मिळाला. वसूल कुठून करायचा? शेवटी त्यांनी शिकागोतल्या संग्रहालयाकडे इराणनं अभ्यासासाठी दिलेल्या, पर्सेपोलिस या प्राचीन इराणी राजधानीतल्या मातीच्या पाट्यांवर जप्ती मागितली. अडीच हजार वर्षांपूर्वीचे धान्यवाटपाचे हिशेब आहेत त्यांवर. 2018 मध्ये सुप्रीम कोर्टानं नाही म्हटलं. (पाट्या वाचल्या याचा मला आनंदच आहे, पण त्या जखमींना हे तोंडावर सांगायची हिंमत नाही.)

अमेरिकेला नावं ठेवताना आपलं दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 86 ही वाचा. परदेशी राज्यावर दावा लावायचा तर आधी केंद्र सरकारची संमती हवी, सचिवाच्या लेखी दाखल्यासह. तीही ठरावीक बाबतींतच देता येते: त्या राज्यानंच आधी फिर्यादीवर दावा लावलाय, ते कोर्टाच्या हद्दीत व्यापार करतंय, हद्दीतल्या स्थावर मिळकतीचा वाद आहे, किंवा त्यानं आपला हक्क स्वतःहून सोडलाय. सीएसटीवर माणूस गमावलेल्या घरानं यातला कुठला रकाना भरायचा?