हलते का?

टाके ओढतायत, त्यामुळे खुर्चीला पाठ न टेकता लिहितोय. पाठीवर आणि दंडावर मिळून चरबीच्या सात गाठी होत्या, त्या काढल्या. डॉक्टर त्यांना लायपोमा म्हणतात. निरुपद्रवी असतात, औषधाने विरघळत नाहीत, आणि आमच्याकडे वडिलोपार्जित आहेत. नौपाड्यातली जागा चुलत्यांकडे गेली, गाठी माझ्याकडे आल्या.

भुलेच्या इंजेक्शनने कातडी फुगली की गाठ हाताला लागत नाही, म्हणून डॉक्टर आधीच मार्करने गोल काढून ठेवतात. तेही ठीक. पण गोल काढल्यावर म्हणाले, "आत केस चालू आहे, जरा बाहेर बसा." मागून उघडा तो हिरवा गाऊन सावरत मी बाकावर बसलो. शेजारी एक काका. बायको ड्रेसिंगला आत गेलेली.

"गाठी?"

"हो."

"हलते का?"

"काय?"

"गाठ हो! हलणारी असली की घाबरायचं नाही. बघू." आणि मी हो-नाही म्हणायच्या आत, भरताचं वांगं निवडावं तशी त्यांनी माझ्या दंडावरची गाठ दाबून पाहिली. "हलते. छान आहे."

मी चक्क थँक्यू म्हणालो.

मग त्यांनी स्वतःची बाही वर केली. "आता ही बघा. घोडबंदरला जंगल होतं, तेव्हापासूनची. दाबा. दाबा हो, लाजता काय!"

दाबली. सुपारीएवढी होती.

"काढली नाहीत?"

"कशाला? खायला मागते का ती? आणि एक काढली की चिडून चार येतात."

हे साफ खोटं आहे. ज्यांच्या अंगात असतात त्यांना नव्या येतच राहतात, काढा नाहीतर ठेवा. पण बोलायला मिळालं तर ना! तेवढ्यात काकू बाहेर आल्या. "झालं का सुरू? लेकीच्या लग्नात व्याह्यांनासुद्धा दाबायला लावली होती!"

काकांचं लक्ष माझ्या पाठीकडे. "अहो सिस्टर, ही एक राहिलीय!" सिस्टर आल्या, मावशी आल्या, काकू चष्मा लावून वाकल्या. सर्वानुमते गोल काढला गेला. डॉक्टरांनी बघून सांगितलं, ते खांद्याचं हाड आहे. शाई पक्की होती, अजून गेलेली नाही.

विमावाल्यांनी कॅशलेस नाकारलं. कारण: सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया. लोकलमध्ये पाठ टेकली की कळ मस्तकात जायची, आणि यांना त्यात सौंदर्य दिसलं! वर्षानुवर्षं हप्ते घेताना कुणी माझं रूप विचारलं नव्हतं.

बिल गाठीमागे, तपासणीला पाठवायचे पैसे वेगळे. आणि बिलात गाठी आठ! सिस्टरने गोल मोजून लिहिले होते.

"सर, डॉक्टरांची सही आणा, मग कमी करते," काउंटरवरची मुलगी म्हणाली.

डॉक्टर पुढच्या केसमध्ये. निमूटपणे आठांचे भरले. हाडाचे पैसे अजून परत आलेले नाहीत.