मन बिघडण्यापूर्वी घ्यावयाची खबरदारी

ताप, कावीळ किंवा हाडमोड केव्हाही आणि कुठेही झाली तरी चालते, कारण तिच्यासाठी रुग्णवाहिका येते. मनाचा आजार अनावर झाला की मात्र दाराशी बहुधा पोलिसांची गाडी उभी राहते. आलेल्या माणसाच्या गळ्यात स्टेथोस्कोप नसतो, कमरेला लाठी किंवा पिस्तूल असते. तेव्हा आपल्या आजारपणाचे नियोजन आपणच आधी करून ठेवणे शहाणपणाचे आहे. (शहाणपण हा शब्द येथे जपून वापरला आहे.)

सर्वप्रथम स्थळ आणि काळ नीट निवडावा. अमेरिकेत आजारी पडायचे झाल्यास मेम्फिस शहर बरे, पण १९८८ च्या आधीचे नव्हे. १९८७ साली तेथे हातात सुरी घेऊन स्वतःलाच इजा करू पाहणाऱ्या एका तरुणाला पोलिसांनी गोळ्या घातल्या, आणि तो गेल्यावर स्वेच्छेने पुढे आलेल्या पोलिसांना मनोरुग्णांशी कसे बोलावे याचे ४० तासांचे प्रशिक्षण देण्याची पद्धत सुरू झाली. त्याहून सुखाचे ठिकाण म्हणजे ओरेगन राज्यातील युजीन. तेथे १९८९ पासून अशा हाकेला शस्त्राविना एक वैद्यकीय कर्मचारी आणि एक समुपदेशक असे दोघे व्हॅनमधून येत असत. परंतु २०२५ च्या एप्रिलमध्ये त्या शहरातील ही सेवा बंद पडली, त्यामुळे आपण उशीर केला आहे. इंग्लंडात जायचे असल्यास २०१७ च्या डिसेंबरनंतर जावे, कारण तोवर पोलिसांना आपल्याला तपासणीसाठी ७२ तास अडकवून ठेवता येत असे. आता सामान्यतः २४ तासांत भागते. भारतात २९ मे २०१८ रोजी मानसिक आरोग्य सेवा कायदा लागू झाला. त्याआधी जगणे असह्य होऊन आपण जीव देण्याचा प्रयत्न केला असता आणि त्यातून वाचला असता, तर दंड विधानाचे कलम ३०९ एक वर्षापर्यंतच्या कैदेची सोय घेऊन आपली वाट पाहत होते. नव्या कायद्याने असा माणूस तीव्र तणावाखाली होता असे गृहीत धरायला सांगितले. मुहूर्त पाहून आजारी पडण्याचे महत्त्व यावरून कळावे.

याच कायद्याचे कलम १०० आपण तोंडपाठ करावे. स्वतःची काळजी घेऊ न शकणारा किंवा स्वतःला वा इतरांना धोका ठरणारा मनोरुग्ण आढळल्यास पोलिसांनी त्याला अटक करायची नसून संरक्षणात घ्यायचे आहे, त्याची कारणे त्याला सांगायची आहेत, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे आहे, आणि कोणत्याही परिस्थितीत कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही, असे ते सांगते. भ्रमाच्या ऐन भरात, हात पाठीमागे बांधले जात असताना, हे कलम अंमलदारांना शांत आणि सुस्पष्ट आवाजात ऐकवावे. आपण ते ऐकवू शकलात तर आपल्याला काही झालेले नाही, आणि ऐकवू शकला नाहीत तर त्याचा उपयोग नाही. दोन्ही बाजूंनी प्रश्न सुटतो.

आता आवाजांविषयी. आपल्या डोक्यात दोनतीन आवाज आधीपासून बोलत असतील, तर दाराबाहेरच्या आवाजांसाठी त्यांनी थोडी जागा करून द्यावी. बाहेरून एक जण ‘हात वर कर’, दुसरा ‘हलू नकोस’ आणि तिसरा ‘खाली बस’ असे एकाच वेळी ओरडेल. हात वर करून, न हलता, खाली बसण्याचा सराव आपण बरे असतानाच करून ठेवावा. खरे पाहता अशा वेळी हलक्या आवाजात एकानेच बोलावे, अंतर राखावे आणि घाई करू नये, हे त्या ४० तासांत शिकवतातच. पण घाईची सवय वर्षानुवर्षांची असते आणि हे तास अवघे चाळीस.

हिंसेचे प्रमाण ठरवणे हे सर्वांत नाजूक काम आहे. घरच्यांनी मध्यरात्री रुग्णवाहिका मागितली, तर ‘रुग्ण हिंसक आहे का? मग आधी पोलिसांना बोलवा’ असे सांगितले जाते. पोलिसांना फोन केला, तर ‘हिंसक नाही ना? मग दवाखान्यात न्या’ असे उत्तर मिळते. म्हणून आपण पोलीस यावेत इतके हिंसक आणि आल्यावर त्यांनी घाबरू नये इतके सौम्य असावे. मनोरुग्ण हा हिंसा करणाऱ्यापेक्षा हिंसा सोसणारा असण्याची शक्यता अधिक, ही गोष्ट अभ्यासकांना चांगलीच ठाऊक आहे. दार ठोठावणाऱ्याच्या कानावर ती पडलीच असेल, असे धरून चालू नये. पोलिसांनी येऊच नये, असे म्हणणाऱ्यांसाठीही सोय झालेली आहे. जिवाला तातडीचा धोका नसेल तर मानसिक आरोग्याच्या हाकेला आपण धावणार नाही, असे लंडनच्या महानगर पोलिसांनी २०२३ साली जाहीर केले. मात्र पोलीस न आल्याने रात्री दोन वाजता डॉक्टर आपोआप उगवत नाहीत.

आपल्याला जमिनीवर पालथे पाडून पाठीवर गुडघा ठेवला गेल्यास श्वास जपून वापरावा. बेड्या घातल्यावर माणसाला ताबडतोब पोटावरून उठवावे, अशी सूचना अमेरिकेच्या न्याय खात्याने १९९५ सालीच दिली होती. इतकी जुनी सूचना प्रत्येकाने लक्षात ठेवावी, ही अपेक्षा फार आहे. पूर्वी अशा मृत्यूसाठी ‘एक्सायटेड डेलिरियम’ (म्हणजे अतिउत्तेजित भ्रमावस्था) नावाचा एक आजार हाताशी असे. तो माणसाला बहुधा पोलिसांच्या ताब्यात असतानाच होत असे, हे त्याचे वैशिष्ट्य. २०२३ साली अमेरिकेतील तातडीच्या उपचारांच्या डॉक्टरांच्या संघटनेने त्याला आधार देणारा आपला २००९ चा अहवाल मागे घेतला आणि कॅलिफोर्नियाने मृत्यूचे कारण म्हणून तो लिहिण्यास बंदी केली. त्यामुळे मरताना दुसरा एखादा आजार सोबत असलेला बरा.

शेवटी, ज्या शिपायाला आपल्याकडे धाडले आहे, त्याच्यासाठीही दोन शब्द. तो बारा तासांची पाळी संपवून आलेला असतो, आणि आज दुपारी पाहिलेले प्रेत त्याला रात्री पुन्हा दिसणार असते. त्याने ही गोष्ट कोणाला सांगू नये. सांगितल्यास आधी शस्त्र काढून घेतले जाईल आणि मग बढती. एखाद्या रात्री त्याचेच मन हाताबाहेर गेले, तर त्याच्या बायकोने कोणाला फोन करावा, हे मात्र मला अजून सुचलेले नाही. पोलीस तर आधीच घरात आहेत.