जँगो राइनहार्टची बोटं तुटली नव्हती

जॅझ गिटारवादक जँगो राइनहार्टवरची एक पोस्ट सध्या जिकडेतिकडे फिरते आहे. मजकूर साधारण असा: एका अनाडी रोमा (युरोपातला एक भटका समाज) मुलाची आगीत दोन बोटं तुटली, डॉक्टरांनी हात टेकले, मग त्याने गिटार हाती घेतली आणि कोणाच्याही मदतीशिवाय, काही न शिकता, उरलेल्या दोन बोटांनी जगाला वेड लावलं. तुमची दहाही बोटं शाबूत आहेत, मग रडगाणं कसलं? लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असेल. पण यातली बहुतेक विधानं चुकीची आहेत, आणि त्यांच्या गर्दीत जँगोचं वादनच हरवून जातं.

आधी बोटांचं. ती तुटली नाहीत, कापावीही लागली नाहीत. १९२८ च्या शरदात पॅरिसजवळ त्याच्या कॅरॅव्हॅनला रात्री आग लागली. त्याची बायको बेला सेल्युलॉइडची फुलं करून विकायची; त्या फुलांनी मेणबत्तीमुळे पेट घेतला. जँगोचं अर्धं अंग भाजलं. डॉक्टर कापायचा म्हणत होते तो उजवा पाय, आणि त्यालाही त्याने नकार दिला. डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी मात्र आखडून कायमची वाकडी झाली. तिशीच्या दशकाच्या अखेरीस चित्रित झालेल्या एका लघुपटात तो हात नीट दिसतो: तर्जनी आणि मधलं बोट तारांवर धावतंय, बाकीची दोन मुडपलेली बोटं सोबत सरकताहेत.

‘दोनच बोटांनी वाजवायचा’ हे सोलोपुरतं (एकट्याने वाजवायच्या सुरावटीपुरतं) जवळपास खरं आहे. कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरताना तो ती आखडलेली बोटं बारीक तारांवर टेकवायचा, अंगठा गिटारच्या मानेवरून वळवून जाड तारा दाबायचा. चार बोटांचा वादक एका जागी हात ठेवून तारांवर आडवा फिरू शकतो. जँगोला ती सोय नव्हती, म्हणून त्याचा हात फ्रेटबोर्डच्या (तारांखालच्या पट्टीच्या) लांबीवरून वरखाली धावतो. ते लांबलचक आर्पेजिओ (कॉर्डचे स्वर एकामागून एक), एका बोटाने घसरत जाणारे स्वर, मध्येच येणारी ऑक्टेव्हची (एका सप्तकाच्या अंतरावरच्या जोडस्वरांची) झड यांचा त्या हाताशी नक्कीच संबंध आहे.

पण जरा उजव्या हाताकडे बघा, पोस्टमध्ये त्याचा उल्लेखही नाही. मनगट वाकवलेलं, हात गिटारच्या अंगावर न टेकवता मोकळा, नव्या तारेवर जाताना पिकचा (तार छेडायच्या तुकड्याचा) पहिला घाव वरून खालीच. माइकशिवाय हॉलभर आवाज पोचवणारं हे तंत्र. ते आगीनंतर इस्पितळात सापडलेलं नाही. पॅरिसच्या म्युझेत (अकॉर्डियनवरचं फ्रेंच नृत्यसंगीत) नाचघरांमध्ये अकॉर्डियनच्या दणदणाटात बँजो वाजवताना ते त्याच्या हातात मुरलं होतं.

म्हणजे ‘मग त्याने गिटार हाती घेतली’ हेही गेलं. १९१० मध्ये बेल्जियममधल्या लिबर्शी इथे मानूश (रोमांची एक शाखा) कुटुंबात तो जन्मला. बाराव्या वर्षाच्या आसपास बँजो-गिटार मिळाली, आणि थोरांच्या बोटांकडे बघत, कानाने टिपत तो शिकला. विशीच्या आत तो व्यावसायिक वादक झाला. १९२८ मध्येच, आगीच्या आधी, अकॉर्डियनवादकांबरोबर त्याची रेकॉर्डिंग्जही झाली होती. (तबकडीवर त्याचं नाव चुकीचं छापलं, कारण स्वतःचं नाव लिहून दाखवणं त्याला जमत नव्हतं.) इंग्लंडचा बँडप्रमुख जॅक हिल्टन त्याला आपल्या बँडमध्ये घ्यायला तयार होता. आगीने होरपळला तो अठरा वर्षांचा तयार कलावंत.

त्याला नोटेशन वाचता येत नव्हतं, हे खरं. त्यावरून तो काही न शिकता वाजवू लागला, असं कसं ठरतं? कानाने घेतलेली तालीम हीसुद्धा तालीमच.

‘कोणाच्याही मदतीशिवाय’ हे तर अन्यायाचंच आहे. अंथरुणाला खिळलेला असताना त्याच्यासाठी गिटार आणली ती भाऊ जोसेफने. १९३१ मध्ये तूलाँला एमिल साव्हित्री या चित्रकाराने त्याला अमेरिकन जॅझ ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्ड ऐकवल्या आणि जॅझचं दार उघडलं. १९३४ मध्ये उभ्या राहिलेल्या हॉट क्लब या फ्रेंच जॅझप्रेमींच्या संस्थेच्या पंचकात (पाच वादकांच्या वाद्यमेळात) जँगोसोबत व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली, डबल बेसवर लुई व्होला, आणि तालाची साथ देणाऱ्या ऱ्हिदम गिटारवर जोसेफ व रोझे शापू. ते दोन ऱ्हिदम गिटार क्षणभर वजा करून ऐका. ड्रम नसलेल्या त्या वाद्यमेळाचा ताल त्यांच्याच हातात होता. जँगो त्यावर बेधडक झेपावतो, कारण खालची जमीन हलत नाही.

आता ‘रडगाणं कसलं’. जँगोचा उजवा हात, अंगठा आणि दोन चांगली बोटं वाचली होती. प्रत्येकाची इजा वेगळी असते, आणि एकाच्या वाचलेल्या बोटांचा दाखला देऊन दुसऱ्याला लाजवणं मला क्रूर वाटतं.

शिवाय पोस्ट आगीपाशीच घोटाळते. पुढे जर्मनांच्या ताब्यातल्या पॅरिसमध्ये त्याची ‘नुआज’ ही धून लोकप्रिय झाली, तेव्हा नाझी युरोपभर रोमांना मारत होते. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला निसटायचा प्रयत्न केला आणि त्याला सीमेवरून परत यावं लागलं. १९४६ मध्ये तो जॅझ बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनबरोबर अमेरिकेत वाजवून आला. मग इलेक्ट्रिक गिटार घेतली, बीबॉप ही जॅझची नवी शैली आत्मसात केली. एप्रिल १९५३ मधलं त्याचं शेवटचं रेकॉर्डिंग, पियानोवर तरुण मार्सियाल सोलाल असलेलं, तिशीतल्या जँगोपेक्षा कितीतरी वेगळं वाजतं. महिन्याभराने, १६ मे रोजी, मेंदूतल्या रक्तस्रावाने तो गेला, वयाच्या ४३ व्या वर्षी.