काम करायचं की पोस्ट टाकायच्या?

आता पुरे झालं! नोकरी हवी असेल तर आधी लिंक्डइनवर दिसायला हवं म्हणे. कोटातला फोटो हवा, २२० अक्षरांत स्वतःची ओळख हवी, रोज एक पोस्ट हवी, वर अनोळखी साहेबांच्या पोस्टखाली 'फार प्रेरणादायी, सर' हेही हवं. कशासाठी?

माझा भाऊ भोसरीत एका टूलरूममध्ये डाय, म्हणजे सुटे भाग घडवायचे साचे, बनवतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाचा फरक पडला तरी तुकडा भंगारात जातो. आत मोबाइल न्यायला बंदी. ड्रॉइंग ग्राहकाचं, फोटो काढला तर नोकरीच जाईल. आणि मुलाखतीत त्यालाच विचारतात, "प्रोफाइल इतकं रिकामं कसं?" अहो, काय टाकणार तो त्यात? द्या ना एक जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, मशीनवर लावायला, तासाभरात कळेल माणूस काय आहे ते!

बरं, प्रोफाइल भरलं, रेझ्युमे अपलोड केला, तरी कंपनीचा फॉर्म तीच माहिती पुन्हा टाइप करायला लावतो. दहावीचे टक्केसुद्धा! इतकी वर्षं मशीनवर काढलेल्या माणसाला? आणि एवढं करून उत्तर नाहीच. साधं 'नाही' कळवायला काय जातं हो यांचं?