बुडायचं तर कोणत्या झेंड्याखाली?

क्रूझवर माणसं समुद्र बघायला जातात असं ज्यांना वाटतं, त्यांनी अशा जहाजाचा नकाशा कधी उघडून पाहिलेला नसतो. जेवणाच्या दालनातून नाट्यगृहाकडे जायचं तर वाट बहुधा कॅसिनोतून, आणि नाट्यगृहातून बारकडे जायचं तर पुन्हा कॅसिनोतूनच. तिथे घड्याळ शोधू नका. खिडक्याही जेमतेम, त्यामुळे समुद्र मध्येच दिसून कोणाचं लक्ष उडत नाही. तेव्हा पैसे घालवायचे हे ठरलंच आहे असं धरून चालू. उरतो तो रीतीचा प्रश्न, आणि त्या बाबतीत जहाजावरच्या कॅसिनोइतका अगत्यशील यजमान दुसरा नाही. तो प्रत्येक देशाच्या पाहुण्याला त्याच्या आवडीनिवडी सांभाळून लुटतो. म्हणून तिकीट काढण्याआधी जहाज कुठून सुटतंय आणि त्यावर कोण मंडळी असणार याची चौकशी करा. चुकीच्या जहाजावर चढलात तर परक्यांच्या पद्धतीने हरावं लागेल, आणि लोकांत सांगायलाही लाज वाटेल.

आधी थोडा धीर धरा. जहाज बंदरात उभं असताना कॅसिनो सहसा बंद असतो, कारण तिथे त्या देशाचा कायदा चालतो. किनारा पुरेसा मागे पडला (देशाची सागरी हद्द साधारण 12 सागरी मैलांची) की जहाजावर ज्याचा झेंडा त्याचा कायदा. झेंडा बहुधा बहामा, पनामा किंवा माल्टाचा असतो. तिथली सरकारं तुमच्या चिप्स (पैशांऐवजी खेळायच्या चकत्या) मोजायला येत नाहीत. ही युक्ती नवी नाही. 1938 साली टोनी कॉर्नेरो नावाच्या गृहस्थाने कॅलिफोर्नियात सांता मोनिकासमोर, तीन मैलांच्या रेषेपलीकडे, 'रेक्स' हे जुगाराचं जहाज नांगरलं आणि गिऱ्हाइकं बोटींनी ने-आण केली. पुढच्या वर्षी अॅटर्नी जनरल अर्ल वॉरन यांची माणसं धाड घालायला गेली, तेव्हा कॉर्नेरोच्या लोकांनी आग विझवायच्या पाण्याचे फवारे सोडून त्यांना बरेच दिवस जहाजावर चढू दिलं नाही. आजच्या कंपन्या असलं काही करत नाहीत. आता प्रवासी स्वतःच कार्ड हातात घेऊन दाराशी रांग लावतात.

सिंगापूर, हाँगकाँग किंवा शांघायहून निघणार असाल तर बकारा शिकून घ्या. शिकून घ्या असं म्हणायची पद्धत म्हणून म्हटलं, एरवी त्यात शिकण्यासारखं काही नाही. आठ कॅट एकत्र पिसलेले, 'प्लेयर' आणि 'बँकर' अशा दोन बाजू, पत्त्यांची बेरीज नऊच्या जवळ जाईल ती बाजू जिंकली. दश्शी आणि चित्रं शून्याच्या भावाने. तिसरा पत्ता कधी ओढायचा हेही नियमातच ठरलेलं. तुम्ही फक्त पैसे ठेवायचे. मकाऊच्या कॅसिनोंची बहुतांश कमाई या एका खेळावर होते, यावरून बुद्धीला संपूर्ण रजा देणाऱ्या खेळाची थोरवी ध्यानात यावी.

डोक्याला काम नाही म्हटल्यावर हातांना हवंच. मोठ्या रकमांच्या टेबलावर ज्याने सर्वांत जास्त पैसे लावले त्याला पत्ता उघडायचा मान मिळतो, आणि हा मान घाईने संपवायचा नसतो. पत्ता पालथाच टेबलावर दाबा. दोन्ही अंगठ्यांनी त्याची लांब कड केसभर उचला आणि गाल टेबलाला टेकेल इतकं वाकून आत बघा. चित्राची चौकट दिसली तर पत्ता शून्याचा, विषय संपला. कडेला दोन ठिपके दिसले तर चव्वी किंवा पंजी. चार दिसले तर नव्वी किंवा दश्शी. तीन दिसले तर मात्र खरी साधना सुरू होते, कारण मग ती छक्की, सत्ती किंवा अठ्ठी यांपैकी काहीही असू शकते आणि सगळं मधल्या ठिपक्यांवर अवलंबून राहतं. छक्की हवी असेल तर पत्त्यावर फुंकर मारा, म्हणजे नको असलेला ठिपका उडून जातो. पत्ता छापखान्यातून निघाला तेव्हाच त्यावर काय ते छापलं गेलं, असली शंका बोलून दाखवू नका. शेजारचा माणूस तुमच्याच बाजूने फुंकत असतो. एवढं मुरगळल्यावर तो पत्ता पुन्हा वापरता येत नाही. कॅसिनो तो हसत टाकून देतो. पुठ्ठ्याच्या तुकड्यावर कंजुषी करणाऱ्याला हा धंदा जमत नाही.

अभ्यासू वृत्तीच्या वाचकांची सोय याच टेबलाशेजारी केलेली असते. तिथल्या पडद्यावर मागच्या सगळ्या डावांचा आलेख चालू असतो: बँकर जिंकला की तांबडं वर्तुळ, प्लेयर जिंकला की निळं. त्यातून 'मोठा रस्ता' निघतो, मग 'छोटा रस्ता', आणि शेवटी एक असतो ज्याला चक्क झुरळाचं नाव आहे. पुढचा पत्ता कोणता निघणार हे यातला एकही रस्ता सांगत नाही. पण मोकळ्या हाताने हरण्यापेक्षा आलेख काढून हरणं केव्हाही भारदस्त. झुरळ कुठे वळतंय ते पाहून पैसे लावा. फक्त एक पथ्य पाळा: 'बँकर'वर खेळू नका. त्यावरच्या जिंकीतून पाच टक्के कापून घेऊनही कॅसिनोचा वाटा शंभराला 1.06 इतकाच पडतो. 'प्लेयर'वर 1.24. दोन्ही चिंधी रकमा. दिलदार माणसाने बरोबरीवर ठेवावं, तिथे एकास आठ मिळतात आणि कॅसिनोला शंभराला 14.36.

अशा जहाजांवर लाल आणि सोनेरी रंगाचा सुकाळ असतो आणि बकाराच्या टेबलावर चार नंबरची खुर्ची बऱ्याचदा नसते, कारण चिनी लोकांत चार अशुभ. तिसऱ्या खुर्चीनंतर थेट पाचवी. पाचवीवर बसलेला माणूस चौथ्याच जागी बसलेला असतो, हे त्याला कोणी सांगत नाही. हा आदर वरवरचा समजू नका. लास व्हेगासला 1993 मध्ये एमजीएम ग्रँड उघडलं तेव्हा आत शिरायचं दार एका प्रचंड सिंहाच्या जबड्यातून होतं. सिंहाच्या तोंडात चालत जाणं चिनी गिऱ्हाइकांना अपशकुन वाटू लागलं, आणि काही वर्षांतच मालकांनी जबडा काढून टाकला. गिळणं पूर्वीसारखंच चालू राहिलं, फक्त तोंड दिसेनासं झालं.

युरोपीय ऐट हवी असेल तर रुलेटकडे, म्हणजे गोळी थांबेल तो आकडा जिंकला अशा फिरत्या चाकाकडे, वळा. चाकावर 36 आकडे आणि एक शून्य, म्हणजे 37 घरं, आणि तुमचा आकडा लागला तर एकास 35. मधला फरक कॅसिनोचा: शंभराला 2.70. अमेरिकन चाकावर दुसरं शून्यही असतं, म्हणजे 38 घरं आणि तेच 35, की वाटा 5.26 वर जातो. एका शून्यात समाधान मानणारे युरोपीय आणि दोन शून्यांशिवाय झोप न लागणारे अमेरिकन, असा संस्कृतीवरचा निबंध लिहायचा मोह होईल. आवरा. फ्रान्समधल्या जुन्या चाकांवर दोन्ही शून्यं होती. 1843 साली फ्रान्स्वा ब्लाँ आणि त्याच्या भावाने जर्मनीतल्या होम्बुर्गला एक शून्य काढून टाकलं ते शेजारच्यांची गिऱ्हाइकं ओढायला. दुसरं शून्य अमेरिकेत टिकलं, कारण तिथे ते काढायला लावणारं कोणी भेटलं नाही. अलीकडे तर तीन शून्यांची चाकंही निघाली आहेत, वाटा 7.69. प्रगती थांबत नसते. चाकापाशी उभं राहिल्यावर शून्यं मोजू नका, ते असभ्य दिसतं.

इटालियन जहाजावर गेलात तर सतराचा धसका घ्या. एमएससी या क्रूझ कंपनीच्या जहाजांवर सतरावा मजलाच नसतो, सोळाच्या वर अठरा. त्याच जहाजाच्या रुलेटवर मात्र 17 आपल्या जागी सुखरूप असतो आणि त्यावर लावलेले पैसे कोणी परत करत नाही. श्रद्धेसाठी मजला वगळता येतो, चाकातलं घर नाही. घर वगळलं तर हिशेब प्रवाशाच्या बाजूने झुकेल.

अमेरिकन पद्धतीत दोन शाखा आहेत. शांत स्वभावाच्या माणसाने स्लॉट मशीनपुढे बसावं. तिथे कोणाशी बोलावं लागत नाही, चूक झाली असंही वाटत नाही, आणि मशीन किती ठेवून घेतं हे त्यावर लिहिलेलं नसतं. आरडाओरडा हवा असेल तर फाशांचा क्रॅप्स. टेबलाभोवती दहा-बारा जण, अनोळखी लोक एकमेकांना टाळ्या देत आहेत, आणि 'सात' हा शब्द कोणी उच्चारायचा नाही. या टेबलावर एक भानगड आहे, ती सांगून ठेवतो. मुख्य पैजेच्या मागे आणखी पैसे ठेवता येतात, त्याला 'ऑड्स' म्हणतात, आणि त्या पैशांवर कॅसिनोचा वाटा शून्य. म्हणूनच असावं, टेबलावर इतकं सगळं रंगीत छापलेलं असताना या एका पैजेला छापील जागा नाही. तिच्या नादी लागू नका. 'एनी सेव्हन' असं ठळक छापलेलं दिसेल तिथे ठेवा, शंभराला 16.67. धर्मराजासमोर निदान शकुनी तरी बसला होता. इथे समोर हसतमुख मुलगा असतो आणि तो टिपची वाट बघतो.

ब्लॅकजॅकमध्ये थोडी अक्कल चालते, म्हणून तो विषय टाळलेलाच बरा. पूर्वी ब्लॅकजॅक (म्हणजे पहिल्या दोन पत्त्यांतच एकवीस) लागला तर दोनास तीन मिळत. अनेक जहाजांवर आता पाचास सहा मिळतात, आणि सहा हा तीनपेक्षा मोठा आकडा असल्याने लोक खूश असतात.

ब्रिटिशांकडून फार अपेक्षा ठेवू नका. त्यांना बिंगो लागतो. चिनी खेळाडू 88 आकडा दिसला की दुप्पट भाग्य म्हणून सरसावून बसतो. बिंगोत तोच आकडा 'दोन जाड्या बायका' म्हणून पुकारायचा रिवाज आहे आणि तेवढ्यावर टेबलं हसतात. जर्मन प्रवाशांच्या जहाजांवर कॅसिनो लहानसाच असतो. त्यांना खरोखरच समुद्र बघायचा असतो, असं दिसतं.

जपानी झेंड्याचं जहाज मात्र कटाक्षाने टाळा. तिथे भर समुद्रातही जपानचा कायदा सोबत येतो. 'असुका 2'वर कॅसिनो आहे, टेबलं आहेत, चिप्स आहेत, पण जिंकलेल्या चिप्सचे रोख पैसे होत नाहीत. बदल्यात वस्तू मिळतात. याच जपानात जमिनीवर पाचिंको या गोळ्यांच्या यंत्रखेळाची हजारो दालनं आहेत. तिथेही रोख मिळत नाही, जिंकलेल्या गोळ्यांचं छोटंसं बक्षीस मिळतं. योगायोगाने जवळच एक खिडकी असते आणि तिथला सज्जन ते बक्षीस विकत घेतो. समुद्रावर अशी शेजारची खिडकी आणायची कुठून?

भारतीय प्रवासी बरेच असतील तर अंदर-बाहरचं टेबल सापडायला हरकत नाही. मधल्या पत्त्याचा जोडीदार आधी कोणत्या बाजूला पडतो एवढाच प्रश्न. ज्या बाजूला पहिला पत्ता पडतो तिची शक्यता शंभरात साडेएक्कावन्न, हे कॅसिनोला ठाऊक असल्यामुळे त्या बाजूला एकास 0.9 दिले जातात. या खेळात लहानपणापासून हात बसलेला असल्याने त्यातलं सगळं आपल्याला कळतं, असा आत्मविश्वास घेऊन बसा. तो आत्मविश्वास हीच तुमची राष्ट्रीय खासियत, आणि टेबल तिच्याचसाठी मांडलेलं आहे.

एकदा लागलेली आवड कायमची असते असंही नाही. जहाजाला राष्ट्रीयत्व बदलता येतं. 'नॉर्वेजियन जॉय' चिनी प्रवाशांसाठी म्हणून बांधलं आणि 2017 मध्ये शांघायला दाखल झालं. दोन वर्षांत कंपनीचं मन पालटलं, सुमारे 5 कोटी डॉलर खर्चून जहाजाची अंतर्बाह्य डागडुजी झाली आणि 2019 मध्ये ते अमेरिकनांना अलास्का दाखवायला गेलं. तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका.

बायकोमुलांच्या आग्रहाला बळी पडून डिस्नीचं जहाज घेऊ नका, त्यावर कॅसिनोच नाही. वायकिंग कंपनीच्या सागरी जहाजांवरही नाही. हवाई बेटांभोवती फिरणारं 'प्राइड ऑफ अमेरिका' अमेरिकेच्याच झेंड्याखाली चालतं, तेही कॅसिनोविनाच. असल्या जहाजांवर नाट्यगृहाकडे जाताना वाटेत काहीच लागत नाही आणि माणूस वेळेच्या आधी पोहोचून अवघडतो.

बाकीच्या जहाजांवर शेवटच्या रात्री, टेबलं बंद व्हायच्या आत, खिडकीवर जाऊन उरल्या चिप्स मोडून घ्या. नीट हरला असाल तर तिथेच तुम्हाला पुढच्या सफरीचं मोफत तिकीटही मिळू शकतं. किती हरलात ते बघून नव्हे, किती लावलंत ते बघून देतात, त्यामुळे मनाला लागण्यासारखं त्यात काही नाही. कर, बंदर शुल्क आणि टिप तेवढी वेगळी.